मंत्र्याच्या पाठीमागची खुर्ची

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ बपेरा नावाचे गाव आहे. भाताची शेती आणि तुमसरची बाजारपेठ यांच्या आधाराने चालणाऱ्या या परिसराचा नवी दिल्लीतील साउथ ब्लॉकशी काही संबंध असेल, असे वरकरणी कुणाला वाटणार नाही. मात्र २४ जानेवारी २०२५ रोजी याच जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत भीषण स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि आठ कर्मचारी प्राणास मुकले. त्या दिवशी संरक्षण खात्याचे कामकाज जिल्ह्यातील घरांपर्यंत किती खोल पोहोचलेले आहे, हे पुन्हा एकदा दिसले. जवाहरनगरचा हा कारखाना १९६४ सालचा. चीनकडून झालेल्या पराभवानंतर दारूगोळ्याचे उत्पादन वाढविण्याची जी घाई दिल्लीला झाली, त्या घाईतून तो उभा राहिला.

असे निर्णय ज्या दालनांत होतात, तेथे मंत्री, सेनाप्रमुख आणि सचिव यांच्याखेरीज आणखी एक माणूस असतो. मंत्र्याच्या थोडे मागे, हातात टिपणवही घेऊन बसलेला. वृत्तपत्रांतील छायाचित्रात तो बहुधा अर्धा कापला गेलेला असतो. अमेरिकेत अशा माणसांनी गेल्या काही वर्षांत पुस्तकांचा आणि मुलाखतींचा पाऊस पाडला आहे. आपल्याकडे त्याच खुर्चीत बसलेल्या एका मराठी अधिकाऱ्याने सुमारे साडेतीन दशके मौन पाळले आणि मग जे लिहिले, त्यावाचून आपल्या दोन युद्धांचा इतिहास अपुरा राहिला असता. राम प्रधान हे त्यांचे नाव. त्यांच्या निमित्ताने विचारण्याजोगा प्रश्न असा की, वादळी काळात सत्तेच्या इतक्या जवळ बसलेल्या माणसाचे अंतिम उत्तरदायित्व नेमके कोणाशी असते? ज्याची सेवा केली त्या मंत्र्याशी, की ज्यांच्या नावाने ती सेवा झाली त्या लोकांशी?

या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी प्रधान दिल्लीत येण्यापूर्वीचा एक दिवस आठवावा लागेल. २२ सप्टेंबर १९६२. पंतप्रधान नेहरू राष्ट्रकुल परिषदेसाठी लंडनमध्ये होते आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिवेशनासाठी न्यूयॉर्कमध्ये. थागला कड्याच्या परिसरातून चिन्यांना हुसकावून लावायचे की नाही, यावर दिल्लीत बैठक झाली. अध्यक्षस्थानी होते खात्याचे दुसऱ्या फळीतील मंत्री के. रघुरामय्या. या कारवाईचे परिणाम काय होऊ शकतात, हे जाणून असलेले सेनाप्रमुख जनरल थापर यांनी लेखी आदेश मागितला. आदेश मिळाला. त्याखाली सही होती एच. सी. सरीन या संयुक्त सचिवाची! ज्या कागदाने देश युद्धाच्या दिशेने ढकलला गेला, त्यावर ना पंतप्रधानांची सही होती ना संरक्षणमंत्र्यांची. सरीन यांनी मनमानी केली असे कोणी म्हणणार नाही. मंत्र्यांची संमती दूरध्वनीवरून घेण्यात आली होती. परंतु दूरध्वनी विरून जातो आणि सही राहते. त्यातच, काही महत्त्वाच्या बैठकांची टिपणे ठेवू नयेत अशी मेनन यांची सूचना होती, हे पुढे उघड झाले. जबाबदारी वरच्याची, कागद खालच्याचा आणि नोंद कोणाचीच नाही, अशी ही व्यवस्था होती.

२० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला आणि तीन आठवड्यांच्या आत मेनन यांना मंत्रिमंडळातून जावे लागले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना नेहरूंचा दूरध्वनी आला तो प्रसंग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. कोणाशीही चर्चा न करता होकार द्यावा असे पंतप्रधानांनी सुचविले आणि एका व्यक्तीशी मात्र बोलावे लागेल, असे म्हणून यशवंतरावांनी वेणूताईंचे नाव घेतले, असे सांगितले जाते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असे वर्णन त्या वेळी झाले. मुंबईत मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले आणि २१ नोव्हेंबर १९६२ रोजी चव्हाणांनी दिल्लीत शपथ घेतली. त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. सेनाप्रमुख थापर पायउतार झाले होते आणि जनरल जयंतनाथ चौधरी सूत्रे हाती घेत होते. म्हणजे नव्या मंत्र्याच्या वाट्याला युद्ध आलेच नाही. आला तो पराभव.

भारतीय प्रशासन सेवेच्या १९५२च्या तुकडीतील राम प्रधान तेव्हा चौतीस वर्षांचे होते. चव्हाणांचे खासगी सचिव म्हणून त्यांना जे दिसले ते काही केवळ युद्धोत्तर पुनर्रचनेचे चित्र नव्हते. चव्हाण वयाच्या पन्नाशीच्या आत होते. सैन्याचा अनुभव नाही, दिल्लीत स्वतःचा गट नाही. संरक्षणाच्या प्रश्नावर पंडितजींच्या कानाशी लागणारी माणसे मात्र पुष्कळ. टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे आर्थिक व संरक्षण समन्वयाचे स्वतंत्र खाते सोपविलेले होते. ओडिशाचे मुख्यमंत्री बिजू पटनायक यांचाही या विषयात वावर होता. बाहेरून आलेल्या मंत्र्याला अशा वेळी सर्वांत जास्त गरज असते ती धोरणाच्या सल्ल्याची नव्हे. सल्ला देणारे दिल्लीत पैशाला पासरी मिळतात. कोण काय बोलले, कोणत्या फाइलवर कोणाचा शेरा राखून ठेवला आहे, सेनाप्रमुख बैठकीत जे म्हणाले आणि जे म्हणायचे टाळले त्यात अंतर किती, हे निर्भीडपणे सांगणाऱ्या माणसाची गरज असते.

चव्हाणांनी रोज सकाळी तिन्ही दलप्रमुख व ज्येष्ठ सचिव यांच्यासमवेत बैठक घेण्याची पद्धत रूढ केली. वरकरणी ही किरकोळ प्रशासकीय बाब वाटते. मात्र मेनन यांच्या काळात मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यातील संवाद ज्या थराला गेला होता, तो पाहता या एका गोष्टीचे मोल नव्या विभागांच्या उभारणीइतकेच होते. हे कळायला आपल्याला प्रधानांचे पुस्तक यावे लागले, ते १९९०च्या दशकाच्या अखेरीस. १९६२च्या पडझडीपासून १९६५पर्यंतच्या सावरण्याची ही हकीकत त्यांनी लिहिली तेव्हा चव्हाणांना जाऊन जवळपास पंधरा वर्षे झाली होती.

या मंत्र्याच्या कारकिर्दीला वादळी का म्हणायचे, तेही ध्यानात घेतले पाहिजे. नोव्हेंबर १९६२ ते नोव्हेंबर १९६६ या चार वर्षांत चव्हाण नेहरू, शास्त्री आणि इंदिरा गांधी अशा तीन पंतप्रधानांच्या हाताखाली संरक्षणमंत्री होते. दोन वेळा गुलझारीलाल नंदा हंगामी पंतप्रधान झाले ते वेगळेच. दोन पंतप्रधान पदावर असताना निवर्तले. या काळात एक युद्ध झाले आणि एक करार झाला. संसदेत, पक्षात, परराष्ट्र व्यवहारात सगळीकडे अनिश्चितता होती. अशा वेळी मंत्र्याचा सहायक हा खात्याची स्मृती बनतो, कारण बाकी सगळे बदलत असते.

या स्मृतीची खरी किंमत १ सप्टेंबर १९६५ रोजी कळते. पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले आणि अखनूरचा पूल धोक्यात आला. दुपारी सेनाप्रमुख चौधरी आणि हवाईदलप्रमुख एअर मार्शल अर्जनसिंग चव्हाणांसमोर उभे होते. हवाई दल वापरायचे तर युद्धाची व्याप्ती वाढणार, हे उघड होते. न वापरावे तर जम्मू-काश्मीरकडे जाणारी वाट तुटण्याची भीती. चव्हाणांनी पंतप्रधानांच्या संमतीची वाट न पाहता त्या दालनातच परवानगी दिली. पठाणकोटहून विमानांनी उड्डाण केले तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. त्या पहिल्याच सायंकाळी आपली चार व्हॅम्पायर विमाने पडली, ही बाब गौरवकथांमध्ये अनेकदा वगळली जाते. निर्णय बरोबरच होता, मात्र त्याची किंमत लगेच मोजावी लागली. सरीन यांच्या सहीच्या दिवशी जे झाले नव्हते ते येथे झाले: जबाबदार मंत्र्याने स्वतःच्या तोंडाने हुकूम दिला आणि तो आपला म्हणून स्वीकारला.

चव्हाण त्या दिवसांत रोजनिशी लिहीत होते. ती प्रधानांकडे आली आणि त्यांनी ती २००७ साली, युद्धानंतर बेचाळीस वर्षांनी, पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ९ सप्टेंबरची नोंद त्यात महत्त्वाची आहे. कसूरच्या आघाडीवर माघार घ्यावी लागलेली, सगळीकडून कठीण बातम्या, आणि सेनाप्रमुख स्वतःविषयी साशंक झालेले मंत्र्यांना दिसतात. चव्हाण त्यांना आघाडीवर जाण्याचे सुचवितात. प्रत्यक्ष परिस्थिती पाहिली की मन स्थिर होईल, हा त्यामागील हेतू. एका मुलकी मंत्र्याने सेनाप्रमुखाला धीर देण्याचा हा प्रसंग कोणत्याही सरकारी इतिहासात इतक्या साधेपणाने आला नसता.

येथे जवाहरनगरचा धागा पुन्हा हाती येतो. युद्ध थांबवावे की आणखी काही दिवस लढावे, असा प्रश्न शास्त्रीजींपुढे आला तेव्हा सेनाप्रमुखांनी बहुतांश दारूगोळा संपत आल्याचे सांगितले, आणि युद्धबंदी झाल्यावर हिशेब केला तेव्हा आघाडीचा फार थोडा साठा, चौदा टक्क्यांच्या आसपास, वापरला गेल्याचे आढळले, असे नंतरच्या वृत्तांतांत आले आहे. चौधरींवर दोषारोप करणे सोपे आहे. पण १९६२च्या टंचाईची धास्ती घेतलेल्या सैन्यासाठी देशभर कारखाने काढले जातात आणि तीन वर्षांनी गोदामात काय आहे हेच निर्णय घेणाऱ्याला ठाऊक नसते, यातील धडा मोठा आहे. तो वेळेवर सर्वांसमोर आला असता तर नंतरच्या पिढ्यांतील अधिकाऱ्यांना त्याचा उपयोग झाला असता. तो बाहेर यायला दशके लागली.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील पद्धत मुळातच निराळी आहे. संरक्षणमंत्र्याचे मुख्य सहायक, भाषणलेखक, प्रसिद्धी सल्लागार हे बहुतांशी राष्ट्राध्यक्षाबरोबर येतात आणि त्याच्याबरोबर जातात. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत जेम्स मॅटिस यांनी सीरियातून सैन्य काढून घेण्याच्या निर्णयानंतर डिसेंबर २०१८ मध्ये राजीनामा दिला. त्यांचे भाषणलेखक राहिलेले नौदल अधिकारी गाय स्नॉडग्रास यांचे पुस्तक वर्षभराच्या आत बाजारात आले. प्रकाशनपूर्व तपासणीत पेंटॅगॉन चालढकल करते म्हणून त्यांनी न्यायालयाचे दारही ठोठावले. मॅटिस यांना मात्र आपल्या सहायकाचे हे वागणे रुचले नाही. पुढे मार्क एस्पर संरक्षणमंत्री झाले. जून २०२० मध्ये निदर्शकांविरुद्ध देशांतर्गत सैन्य वापरण्यास त्यांनी जाहीर विरोध केला आणि ९ नोव्हेंबर २०२० रोजी ट्विटरवरील एका संदेशाने त्यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांचेही पुस्तक २०२२ साली आले, तेही मजकुरावरील काटछाटीविरुद्ध दावा लावल्यानंतर. संयुक्त सेनाप्रमुख मार्क मिली यांना राष्ट्राध्यक्षांसमवेत लष्करी गणवेशात रस्त्यावरून चालत गेल्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली.

ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांच्या निकटच्या तिघा सहायकांना एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे मंत्र्याने पदभार घेतल्यावर तीन महिन्यांच्या आत, बाहेर काढण्यात आले. बातम्या फोडल्याचा संशय हे कारण. तिघांनीही तो नाकारला. त्याच्या महिनाभर आधी येमेनवरील हल्ल्याचा तपशील मंत्रीच एका संदेशगटात लिहीत होते आणि त्या गटात चुकून एक पत्रकार होता, हे प्रकरण गाजले होते. मंत्री स्वतः इतका मोकळा आणि संशय मात्र सहायकांवर, हा विनोद अमेरिकेपुरता राहावा अशी प्रार्थनाच करावी.

या दोन चित्रांची तुलना करताना आपल्याकडील अनेकांना प्रधानांच्या संयमाचे कौतुक वाटते आणि अमेरिकी सहायकांच्या उतावळेपणाचा तिटकारा येतो. कौतुक रास्तच आहे. ज्या मंत्र्याला माहीत असते की मागे बसलेला माणूस उद्या आपल्यावर पुस्तक लिहिणार आहे, तो त्याच्यासमोर मोकळेपणाने शंका बोलून दाखवीत नाही, आणि शंका बोलून न दाखविणारा मंत्री युद्धात धोकादायक ठरतो. चौधरींची चलबिचल १९६६ सालीच छापून आली असती तर त्यानंतर कोणत्याही सेनाप्रमुखाने मंत्र्याजवळ मन उघडे केले नसते.

मात्र हे म्हणून थांबले तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. अमेरिकेत सहायक बोलला नाही तरी कागद कधी ना कधी बोलतात. ठराविक मुदतीनंतर दस्तऐवज खुले करण्याची तेथे व्यवस्था आहे, तिच्यात पळवाटा कितीही असल्या तरी. आपल्याकडे सहायक बोलला नाही तर बहुधा काहीच बोलत नाही. १९६२च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली. त्यांचा अहवाल १९६३ साली चव्हाणांच्या टेबलावर आला. त्यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत त्याचे सार तेवढे सांगितले. प्रशिक्षण, सामग्री, नेतृत्व अशा सर्वसाधारण शब्दांत. मंत्र्याला सैन्याचे मनोधैर्य सांभाळायचे होते आणि नेहरूंनाही. त्या वेळी ते समजण्यासारखे होते. पण पत्रकार कुलदीप नय्यर यांनी माहिती अधिकारात अहवाल मागितला तेव्हा, २००९ साली, तो देता येणार नाही असा निर्णय झाला. २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग जगासमोर ठेवला, तरीही अहवाल खुला करणे राष्ट्रहिताचे नाही, असे सरकारने राज्यसभेत सांगितले. विरोधी बाकांवर असताना हाच अहवाल मागणारा पक्ष तोवर सत्तेत आला होता. या विषयात सत्ता बदलते, उत्तर बदलत नाही.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धे व लष्करी कारवायांचा इतिहास पाच वर्षांत लिहून काढण्याचे आणि कागदपत्रे सामान्यतः पंचवीस वर्षांनी खुली करण्याचे धोरण जाहीर केले. ते स्वागतार्ह होते. गंमत अशी की त्याच्या काही दिवस आधी, मेअखेरीस, सुरक्षा व गुप्तचर संघटनांतून निवृत्त झालेल्यांनी संघटनेच्या कामाविषयी परवानगीशिवाय काही प्रसिद्ध करू नये, असा बदल निवृत्तिवेतनाच्या नियमांत करण्यात आला. एका हाताने दार उघडण्याचे आश्वासन द्यायचे आणि दुसऱ्या हाताने खिडकी लावून घ्यायची, असा हा प्रकार झाला.

खिडकी लावण्याचा अर्थ काय, हे पुण्याच्या जनरल मनोज नरवणे यांच्या अनुभवावरून दिसते. ते सहायक नव्हते, सेनाप्रमुख होते. तरीही प्रश्न तोच. त्यांच्या आठवणींचे पुस्तक जानेवारी २०२४ मध्ये यायचे होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्यातील काही भाग वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केला. ३१ ऑगस्ट २०२० रोजी रात्री लडाखमध्ये चिनी रणगाडे पुढे सरकत असताना दिल्लीतून शेवटी निर्णय आपल्यावरच सोपविण्यात आला, असा त्याचा आशय होता. त्यानंतर पुस्तक तपासणीसाठी अडकले आणि ठरल्या वेळी बाहेर आले नाही. सेनाप्रमुखाला मोकळीक देणे हा राजकीय नेतृत्वाचा विश्वास म्हणता येईल किंवा जबाबदारी झटकणेही म्हणता येईल. कोणते खरे, हे ठरविण्यासाठी २२ सप्टेंबर १९६२ आणि १ सप्टेंबर १९६५ या दोन्ही दिवसांशी त्या रात्रीची तुलना करता आली पाहिजे. ती करण्याचे साधनच नागरिकांच्या हाती येऊ द्यायचे नाही, याला गोपनीयता म्हणणे कठीण आहे. शत्रूला त्या रात्रीचे सगळे ठाऊक असते. तो समोरच उभा होता.

म्हणून प्रधानांच्या मौनाचे आपण करतो ते कौतुक थोडे आवरते घेतले पाहिजे. ते मौन योग्य ठरते, कारण शेवटी त्यांनी ते मोडले आणि मोडताना कागद सोबत आणला, नुसत्या आठवणी नव्हेत. यशवंतरावांचे आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ १९४६पर्यंत येऊन थांबते. दिल्लीच्या वर्षांवरचा ‘यमुनाकाठ’ त्यांच्या मनात होता, तो लिहायचा राहिला. प्रधान नसते, किंवा त्यांनीही सेवानियमांचे कारण पुढे करून वही बंद ठेवली असती, तर त्या चार वर्षांतील यशवंतराव आपल्याला भाषणांपुरतेच उरले असते. आणि सर्वच मंत्र्यांना असा सहायक मिळत नाही. १९७१च्या युद्धात संरक्षणमंत्री असलेल्या जगजीवनराम यांच्या दालनात काय चालले, याचा असा अंतर्गत वृत्तांत मराठी वाचकांपर्यंत आलेला नाही.

प्रधान पुढे महाराष्ट्राचे मुख्य सचिव झाले, केंद्रीय गृहसचिव म्हणून आसाम आणि मिझोराम करारांच्या वाटाघाटींत होते, अरुणाचल प्रदेशाचे राज्यपाल झाले. ज्या सीमेवरच्या पराभवाने त्यांना दिल्लीत आणले, त्याच सीमेवरच्या राज्याचे! मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने त्यांच्याच अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. व्ही. बालचंद्रन हे तिचे दुसरे सदस्य. २००९ साली त्यांनी अहवाल दिला. सरकारने आधी केवळ कृती अहवाल मांडला, मूळ अहवाल मांडायचे टाळले. तो फुटला, गदारोळ झाला आणि वर्षअखेरीस विधिमंडळापुढे आला. आयुष्यभर इतरांच्या गोपनीय फाइली सांभाळलेल्या माणसाच्या स्वतःच्या अहवालाच्या वाट्याला हे आले तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. ३१ जुलै २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९६३ साली त्यांच्या मंत्र्याच्या टेबलावर आलेला हेंडरसन ब्रूक्स अहवाल त्या दिवशीही कुलपातच होता.